जुन्या काचेच्या वस्तूची नोंद कशी करावी : खुणा, तंत्रं आणि त्यांची नावं

नोंदवहीत दागिना आला की तो ठुशी आहे की वज्रटीक, हे आपण नेमकं लिहितो. लुगडं असेल तर इरकली की नारायणपेठी, तेही येतं. काचेची वस्तू आली की मात्र 'रंगीत काच, नक्षीदार' एवढ्यावर नोंद आटोपते, नाहीतर सरसकट 'बिलोरी' लिहून आपण पुढे जातो. घरातल्या जुन्या हंड्या-झुंबरांची यादी करणारे, छोट्या संग्रहालयात काम करणारे आणि उत्खननातले काचमणी पहिल्यांदाच हाताळणारे विद्यार्थी यांच्यासाठी हा लेख आहे.

काचकामातली बहुतेक नावं वस्तूच्या दिसण्यावरून नव्हे, कारागिराच्या कृतीवरून पडलेली आहेत. वितळलेली काच थोडाच वेळ मऊ राहते, आणि त्या वेळात तिला ज्याचा ज्याचा स्पर्श होतो त्याची खूण तिच्यावर राहते. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी खूण, मग कृती, सगळ्यात शेवटी नाव. नाव आधी सुचलं की डोळे त्याला जुळणाऱ्या खुणाच शोधत बसतात, आणि जुन्या काचेच्या बहुतेक चुकीच्या नोंदी अशाच होतात.

हात लावण्याआधी

टेबलावर जाड मऊ कापड अंथरा. अंगठ्या, कडं, घड्याळ काढून ठेवा. सुती हातमोजे काचेवर घसरतात, त्यामुळे नायट्राइलचे घाला किंवा हात धुऊन कोरडे करा. वस्तू कानाला किंवा काठाला धरून कधीही उचलू नये. एक हात बुडाखाली, दुसरा अंगावर. दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी विजेरी, एक पांढरा आणि एक काळा कागद, व्हर्नियर कॅलिपर आणि वजनकाटा एवढी सामग्री पुरते. अतिनील विजेरी असेल तर उत्तम.

वस्तू धुऊ नका. पृष्ठभाग चिकट लागला, त्यावर बारीक थेंब दिसले किंवा आत केसासारख्या चिरांचं जाळं दिसलं, तर हाताळणी तिथेच थांबवा. काचेतला क्षार हवेतला ओलावा ओढून बाहेर येतो आहे, म्हणजे काच 'रडते' आहे, असा त्याचा अर्थ. अशी वस्तू सापेक्ष आर्द्रता ४० ते ४५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहील अशा बंद कपाटात ठेवून काचेच्या संवर्धकाला दाखवावी.

काच कसली आहे

काचेचा पाया म्हणजे वाळू, अर्थात सिलिका. नुसती वाळू वितळवायला १,७०० अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता लागते. ती जुन्या भट्ट्यांच्या आवाक्याबाहेरची, म्हणून तिच्यात क्षार मिसळत. काच पाण्यात विरघळू नये यासाठी चुनाही लागतो. तो बहुधा वाळूतल्या शिंपल्यांतून किंवा राखेतून आपोआपच येई. क्षार कुठून आणला, यावर काचेचं कूळ ठरतं.

रोमन काळातली काच मुख्यतः इजिप्तच्या वादी नत्रून खोऱ्यातल्या खनिज सोड्याची, म्हणजे नॅट्रॉनची. नवव्या शतकापासून पश्चिम आशियात त्याची जागा खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतींच्या राखेने घेतली. आल्प्सच्या उत्तरेला समुद्रकाठची राख सहज मिळत नव्हती, तिथे बीचसारख्या झाडांची पोटॅशयुक्त राख वापरत. तिची हिरवट, लोहामुळे रंग आलेली काच 'वाल्डग्लास', म्हणजे वनकाच, या नावाने ओळखली जाते. काचेतली हिरवट झाक बहुतेक वेळा अशीच न मागता आलेली असते. मुद्दाम दिलेले रंग वेगळे : कोबाल्टचा गडद निळा, तांब्याचा फिरोजी किंवा धूर कोंडलेल्या भट्टीत लाल, मँगनीजचा जांभळा.

इथे 'क्रिस्टल' या शब्दाजवळ थांबायला हवं, कारण त्याने नोंदींमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ घातला आहे. बिलोर म्हणजे मुळात स्फटिक, खाणीतून निघणारा दगड. तो काच नाहीच. आगीच्या भीतीने व्हेनिसच्या भट्ट्या १२९१ मध्ये मुरानो बेटावर हलवण्यात आल्या. तिथे पंधराव्या शतकाच्या मध्यावर आंजेलो बारोव्हिएरच्या नावाशी जोडली गेलेली 'क्रिस्तालो' काच तयार झाली. नदीतले गारगोटीचे गोटे, शुद्ध केलेली वनस्पती-राख आणि हिरवट झाक मारायला मँगनीज, असं तिचं मिश्रण. ती पातळ आणि वजनाला हलकी असते. तिसरी आहे शिशाची काच. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ मध्ये तिचं पेटंट घेतलं, पण सुरुवातीच्या वस्तूंना जाळीदार चिरा पडू लागल्या आणि मिश्रण सुधारावं लागलं. ही काच जड असते, पैलू पाडल्यावर भरपूर चमकते आणि टिचकी मारल्यावर तिचा नाद लांबतो. बोहेमियाची पोटॅश-चुन्याची काच चौथी. ती कडक असल्याने चाकावरच्या कोरीव कामाला चांगली. या चारही वस्तू आपल्याकडे 'बिलोरी' म्हणून नोंदलेल्या सापडतात.

ओळखायचं कसं? सारख्या आकाराच्या दोन लोलकांत शिशाचा लोलक हाताला स्पष्ट जड लागतो : साध्या सोडा-काचेची घनता सुमारे २.५, शिशाच्या काचेची बहुधा ३ च्या आसपास किंवा पुढे. लघुलहरी अतिनील प्रकाशात शिशाची काच बर्फासारखी निळसर दिसते. युरेनियम घातलेली एकोणिसाव्या शतकातली पिवळी-हिरवी काच अतिनील विजेरीखाली झगझगीत हिरवी पेटते. नादाची परीक्षा मात्र चिरा गेलेल्या वस्तूवर करू नका.

बुडबुडे कुठे धावतात

माझ्या मते सगळ्या तपासणीत हीच पायरी सगळ्यात बोलकी आहे. काच मऊ असताना ओढली, पिळली किंवा गुंडाळली की आतले बुडबुडे त्याच दिशेला लांबतात.

मण्यांवर हे फार सुंदर कळतं. मणी विजेरीसमोर धरा आणि भिंगातून पाहा. बुडबुडे आणि रंगाच्या रेषा भोकाला समांतर असतील तर तो 'ओढीव' मणी : काचेची पोकळ नळी लांब ओढायची, तिचे बारीक तुकडे करायचे आणि राखेत घोळवून तापवायचे, म्हणजे त्यांच्या धारा गोल होतात. याच रेषा भोकाभोवती फिरत असतील तर तो 'गुंडाळीव' मणी, म्हणजे तापल्या सळईभोवती काचेचा धागा गुंडाळून केलेला. पहिल्या पद्धतीत एका नळीतून हजारो मणी निघतात, दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक मणी वेगळा घडवावा लागतो. म्हणजे बुडबुड्यांच्या दिशेवरून कारखान्याच्या उत्पादनाचाही अंदाज येतो.

पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेले बारीक एकरंगी मणी ओढीव आहेत. अभ्यासक त्यांना इंडो-पॅसिफिक मणी म्हणतात. नळी ओढण्याची ही पद्धत आंध्र प्रदेशातल्या पापानायडुपेटमध्ये आपल्या काळापर्यंत टिकली. महाराष्ट्रात तेर, नेवासे, पैठण, भोकरदन आणि कोल्हापूरची ब्रह्मपुरी या सातवाहनकालीन ठिकाणी काचमणी मिळाले आहेत. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी खणलेल्या ब्रह्मपुरीत बहमनी थरांतून बहुरंगी काचेच्या बांगड्याही निघाल्या. असे मणी नोंदताना 'लाल काचमणी, २४ नग' एवढंच लिहून पुडी बांधू नका. ओढीव किती, गुंडाळीव किती, अपारदर्शक किती, हे वेगळं काढा. अपारदर्शक विटकरी लाल रंग असेल तर 'तांब्याचा असावा' असं पेन्सिलीने लिहून ठेवा. रासायनिक तपासणी होईल तेव्हा ती टीप उपयोगी पडेल.

खिडकीच्या जुन्या तावदानालाही हीच युक्ती लावता येते. फुगा चपटा करून गरगर फिरवत त्याची थाळी केली असेल तर रेषा कमानीसारख्या वळतात. ही क्राउन काच, आणि तिच्या मधोमध सळईचा जाड डोळा राहतो. लांब नळकांडं फुंकून, उभं चिरून सपाट केलं असेल तर बुडबुडे सरळ एका दिशेला लांबलेले असतात. जुनी तावदानं खालच्या बाजूला जाड असतात म्हणून काच शतकानुशतकं ओघळत असते, ही समजूत खोटी आहे. ते ताव मुळातच एकसारख्या जाडीचे होत नसत.

घडण

आता पात्राकडे वळू. मुख्य प्रश्न एकच : आतली बाजू कशी आहे?

आत खरखरीत, वाळू चिकटल्यासारखी आणि तोंड अरुंद असेल, तर ते गाभ्यावर घडवलेलं पात्र असू शकतं. मेसोपोटेमिया आणि इजिप्तमध्ये इसवी सनपूर्व सोळाव्या-पंधराव्या शतकापासून ही रीत होती. सळईच्या टोकाला माती आणि शेणाचा गाभा करायचा, त्यावर वितळलेली काच चढवायची, वरून वेगळ्या रंगाचे धागे गुंडाळायचे आणि अणकुचीदार हत्याराने ते खाली-वर ओढायचे. त्यातून पिसासारखी किंवा नागमोडी नक्षी उमटते. निवल्यावर गाभा खरवडून काढत, पण तळाशी त्याचे कण उरतातच. त्या काळात कच्ची काच लाद्यांच्या रूपात दूरवर जाई : तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुनला बुडालेल्या इसवी सनपूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरच्या जहाजात गडद निळ्या काचेच्या अशा लाद्यांचा मोठा साठा मिळाला.

आत-बाहेर घासल्याच्या रेषा, जाड भिंत आणि उघडा वाडग्यासारखा आकार असेल तर ओतीव किंवा साच्यावर वाकवलेली काच म्हणा. अशा वाडग्यावर रंगीत चकत्यांचं नक्षीकाम दिसलं तर ती मोझेक काच. वेगवेगळ्या रंगांच्या काड्या एकत्र वितळवून एक लांब कांडी ओढतात आणि तिच्या चकत्या कापतात. अळूवडीच्या उंड्यातून काप काढला की प्रत्येक कापात तीच गुंडाळी दिसते, तसा हा प्रकार. त्या चकत्या साच्यात शेजारी-शेजारी मांडून भाजत. अशाच कामाचं 'मिलेफिओरी' (हजार फुलं) हे नाव एकोणिसाव्या शतकात रुळलं. ते मुरानोच्या आणि पेपरवेटच्या कामासाठी ठेवावं आणि प्राचीन वाडग्याला मोझेकच म्हणावं.

फुंकणीने काच फुगवण्याची कला इसवी सनपूर्व पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर सुरू झाली. जेरुसलेममध्ये त्या शतकाच्या मध्यातल्या कचऱ्यात फुगवलेल्या काचनळ्यांचे तुकडे मिळाले आहेत. फुंकीव पात्राची आतली बाजू गुळगुळीत असते आणि भिंतीची जाडी जागोजागी बदलते. हवेत मोकळं फुगवलं असेल तर 'मुक्त फुंकीव', साच्यात फुगवलं असेल तर 'साचा-फुंकीव'. फरक बोटाने कळतो : साचा-फुंकीव पात्रावर बाहेर जिथे उंचवटा असतो तिथे आत खळगा लागतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एनिऑन हा साचाकार तर आपली सही साच्यातच कोरत असे, त्यामुळे 'एनिऑनने घडवलं' अशी ग्रीक अक्षरं त्याच्या पात्रांवर उठलेली दिसतात.

बाहेर नक्षी आणि आत मात्र सपाट, तर ती दाबीव काच. साच्यात काचेचा गोळा टाकून वरून दट्ट्या दाबतात. अमेरिकेत १८२० च्या दशकात यासाठी यंत्रं आली आणि पैलूदार काचेची स्वस्त नक्कल घरोघरी पोचली. आपल्याकडच्या पुष्कळ 'कट-ग्लास' वस्तू प्रत्यक्षात दाबीव आहेत. पैलूच्या धारेवरून नख फिरवा : चाकावर कापलेली धार टोकदार लागते, दाबीव धार बोथट, आणि शोधलं तर साच्याचा सांधा सापडतोच.

बूड आणि काठ

पात्र उलटं करा. फुंकणीवर असलेल्या पात्राचा काठ घडवायचा तर ते बुडाकडून धरावं लागतं. त्यासाठी पाँटिल नावाची भरीव सळई काचेच्या छोट्या ठिपक्याने बुडाला चिकटवतात आणि शेवटी तोडून काढतात. राहिलेला ओबडधोबड वण म्हणजे पाँटिलखूण. ती आहे की नाही, ओबडधोबड आहे की घासून चकचकीत केली आहे, तिचा व्यास किती, हे तिन्ही लिहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बूड पकडणारे चिमटे आले आणि पुष्कळ वस्तूंवरची ही खूण गेली. त्यामुळे खूण नाही म्हणजे वस्तू आधुनिक, आणि आहे म्हणजे प्राचीन, असा निष्कर्ष काढू नका. हाताने फुंकणारे कारागीर आजही पाँटिल वापरतात.

काठ तीन तऱ्हांचे असतात. भट्टीच्या तोंडाशी तापवून गोल केलेला काठ बोटाला मऊ लागतो. दुमडलेल्या काठात किंवा पायात हवेची बारीक नळी अडकलेली दिसते. घासलेला काठ सपाट आणि किंचित धारदार असतो.

बाटल्यांच्या बाबतीत सांध्याची रेषा पाहा. ती गळ्यापाशी संपत असेल तर तोंड हाताने घडवलेलं. थेट ओठावरून जात असेल तर यंत्राची बाटली. अमेरिकेत मायकेल ओवेन्सचं पूर्ण स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास आलं. गोटीसोड्याची बाटली हायरम कॉडच्या १८७२ च्या पेटंटची. तिच्या गळ्यातले दाबलेले खळगे ही सजावट नव्हे, ओतताना गोटी अडवण्याची सोय आहे, आणि नोंदीत तसं आलं पाहिजे. तळेगावच्या पैसा फंड कारखान्याचा (१९०८) किंवा ओगलेवाडीचा (१९१६) माल हाती आला तर बुडावरची उठावाची अक्षरं तिरप्या उजेडात वाचा आणि जशीच्या तशी उतरवा, अर्धवट असली तरीही. आपल्या स्वदेशी काचधंद्याचा इतिहास घराघरांतल्या कंदिलांच्या काचांवर आणि बरण्यांवर विखुरलेला आहे, आणि ते सामान आजही भंगारात जातं आहे.

सजावट गरम की थंड

सजावटीच्या नोंदीत पहिला शब्द 'गरम' किंवा 'थंड' असावा.

गरम म्हणजे काच मऊ असताना केलेली. वरून सोडलेला काचेचा धागा, चिकटवून ठसा दिलेला थेंब, पिळाच्या फासळ्या, सगळ्या यात येतात. मुरानोची फिलिग्राना यातली सगळ्यात कठीण. पारदर्शक काचेच्या कांडीत दुधाळ पांढरे धागे, ज्याला लात्तिमो म्हणतात, भरून ती कांडी ओढायची आणि अशा कांड्यांचं पात्र घडवायचं. फिलिप्पो आणि बेर्नार्दो सेरेना या भावांनी १५२७ मध्ये पिळाच्या कांड्यांच्या पद्धतीवर हक्क मागितला. धागे सरळ असतील तर 'आ फिली', कांडीच्या आत पिळलेले असतील तर 'आ रेतोर्ती', आणि दोन थरांतले तिरपे धागे एकमेकांना छेदून जाळी करत असतील तर 'रेतिचेल्लो'. या शेवटच्या प्रकारात जाळीच्या प्रत्येक घरात हवेचा एक टिपका अडकलेला असतो. भिंगातून तो नियमाने दिसला तर शंका राहत नाही.

थंड म्हणजे निवलेल्या काचेवर चाकाने, हिऱ्याच्या टोकाने किंवा आम्लाने केलेली. पैलूंना 'कापीव' म्हणा आणि चाकाने काढलेल्या चित्रांना 'कोरीव'. प्राग दरबारातल्या कास्पार लेहमानला सम्राट दुसऱ्या रुडॉल्फने १६०९ मध्ये या कोरीव कामाचा विशेषाधिकार दिला होता. ब्रिटिश म्युझियममधल्या पोर्टलंड कलशावर गडद निळ्या काचेवरचा पांढरा थर कोरून आकृत्या उठवल्या आहेत. ही कॅमिओ काच. आम्लाने खाल्लेली नक्षी एकसारखी धुरकट दिसते, चाकाची मात्र खोलीत कमी-जास्त होते. पेशवाईनंतरच्या वाड्यांत लटकणाऱ्या हंड्यांवर दोन्ही सापडतात.

मीनाकाम आणि सोनेरी मुलामा गरम आणि थंड यांच्या मध्ये येतात : रंग थंड काचेवर लावतात, मग पुन्हा भाजून पक्का करतात. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या सीरिया आणि इजिप्तच्या मशिदींतले दिवे हा याचा कळस. रंग नखाने खरवडला जाण्याइतका सैल दिसत असेल तर तो भाजलेला नाही; 'थंड रंग' लिहा, आणि नख लावून मात्र पाहू नका, भिंगाने पाहा.

काळाच्या खुणा

जमिनीत पुरलेल्या काचेवर मोरपंखी झळाळी येते. ती कारागिराने दिलेली नव्हे; ओलाव्याने क्षार निघून गेल्यावर उरलेल्या पापुद्र्यांतून प्रकाश परतताना ती दिसते. ती घासून काढणं म्हणजे वस्तूचा मूळ पृष्ठभागच काढणं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत धातुक्षारांच्या वाफेने मुद्दाम अशी झळाळी आणू लागले, पण ती एकसंध असते आणि तिचे पापुद्रे सुटत नाहीत.

बुडावरची झीज तपासा. वापराने पडलेले ओरखडे वाटेल त्या दिशेचे आणि फक्त टेकणाऱ्या भागावर असतात. सगळे एकाच दिशेने, खोलगट भागातही पोचलेले दिसले तर कुणीतरी सँडपेपरने घासून वस्तूला वय चढवलं आहे.

नोंद अशी लिहावी

कल्पनेतली एक अत्तरदाणी घेऊ. 'अत्तरदाणी. रंगहीन, किंचित जांभळट काच. वजनाला हलकी, अतिनील प्रकाशात शिशाची निळसर झाक नाही. साचा-फुंकीव, चौकोनी, दोन उभे सांधे, गळ्याखाली संपतात. तोंड हाताने घडवलेलं, काठ घासलेला. बुडाला ओबडधोबड पाँटिलखूण, व्यास १८ मिमी. सजावट थंड : चारही बाजूंना चाकाने कोरलेली फुलवेल, खांद्यावर सोनेरी मुलामा, अंदाजे अर्धा झिजलेला. बुच मूळचं नाही. आतून तळाशी पांढरट साका, धुतलेलं नाही.'

यात देश नाही आणि शतकही नाही. ते दुसऱ्या रकान्यात, पेन्सिलीने, कारणासह लिहा. चौकोनी, पेटीत बसणाऱ्या बाटल्या गुजरातेत अठराव्या शतकात सापडतात तशा हॉलंडमध्येही. तुमचं मत उद्या बदलेल, पण खुणांचं वर्णन नीट असेल तर पुढच्या अभ्यासकाला वस्तू पुन्हा कपाटातून काढावी लागणार नाही. सोबत तीन छायाचित्रं जोडा : काळ्या कागदावर, मागून उजेड देऊन पांढऱ्या कागदावर आणि बुडाचं, तिरप्या उजेडात. तिन्हीत मोजपट्टी असू द्या.